४० ते ७० टक्के: हॉटेलच्या खोलीतली बुरशी आणि एक उसना आकडा

पावसाळा लागला की आमच्या विभागात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, जिन्याखालच्या भिंतीला ओल. दोन, 'पुणे शहरातील अमुक ठिकाणच्या हवेतील बुरशीचे सर्वेक्षण' या नावाचा एखादा सिनॉप्सिस. अमुकच्या जागी कधी वाचनालय असतं, कधी भाजी मंडई, कधी रुग्णालय. यंदा दोन ज्युनिअर्सनी हॉटेलं घेतली आहेत. विषय चांगला आहे, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण दोघांच्याही प्रस्तावात एक वाक्य जवळपास त्याच शब्दांत आलंय: भारत सरकारच्या निकषानुसार हॉटेलच्या खोलीतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ७० टक्के असावी, म्हणून या अभ्यासात ७० टक्क्यांखालची खोली पाहुण्याच्या आरोग्यासाठी 'सुरक्षित' आणि त्यावरची 'असुरक्षित' धरली आहे.

वाक्य भारदस्त आहे. सरकारचा हवाला आहे, आकडा आहे, त्यामुळे आरआरसीसमोर कुणी हरकत घेईल असं वाटत नाही. तरी मला ते चुकीचं वाटतं. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या कुणालाही उद्या अशीच चूक करता येईल, मीही केलेली आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आकडा आला कुठून?

तो आला ४ जून २०२० च्या एका कागदातून. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हॉटेलं आणि तत्सम आस्थापनांसाठी त्या दिवशी एसओपी काढली. विषय कोविडचा प्रसार रोखणे. त्यात वातानुकूलनाबद्दल एक कलम आहे: केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या, सूचना पाळा, तापमान २४ ते ३० अंश, आर्द्रता ४० ते ७० टक्के, बाहेरची ताजी हवा शक्य तितकी जास्त, आणि खोलीत हवा आरपार खेळती राहू द्या. बस, एवढंच. बाकी कागद मास्क, अंतर, लिफ्टमधली गर्दी, दाराच्या मुठी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसणं यावर आहे.

अजून एक पायरी मागे जा. याच पट्ट्याचे आकडे एप्रिल २०२० मध्ये 'इश्रे' या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने काढलेल्या कोविड मार्गदर्शिकेत आहेत. ती मात्र वाचण्यासारखी आहे, कारण तिथे आकड्यांच्या सोबतीला अटी आहेत. दमट हवामानात एसी २४ च्या जवळ ठेवा म्हणजे हवेतलं पाणी निघेल. कोरड्या हवामानात ३० च्या जवळ ठेवा आणि पंखा लावा. आणि पुढे असंही आहे की बंद पडून राहिलेली इमारत हाच एक आरोग्याचा धोका आहे, डक्टमध्ये आणि कोनाकोपऱ्यांत बुरशी वाढलेली असू शकते, तेव्हा लोक परत येण्याआधी सफाई करा.

म्हणजे बुरशीचा इशारा मुळात होता. हॉटेलांच्या कागदापर्यंत येताना आकडे टिकले आणि इशारा गळाला. 'दमट हवामानात २४ च्या जवळ' ही अटही गळाली. उरला नुसता २४ ते ३० हा पट्टा, जो जैसलमेरलाही तोच आणि महाबळेश्वरलाही तोच.

यात मंत्रालयाला झोडपण्याचा माझा हेतू नाही. महामारीत, घाईत, विषाणू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला कागद आहे; त्याने बुरशीचा प्रश्न सोडवावा अशी अपेक्षा करणं अन्याय होईल. चूक आपली आहे. विषाणूसाठी लिहिलेल्या कागदातला आकडा उचलून आपण तो बुरशीच्या प्रश्नाला चिकटवतो आणि वर 'सरकारी निकष' असा शिक्का मारतो. संदर्भ म्हणून दिलेला मूळ दस्तऐवज उघडून बघितला असता तर त्यात बुरशी हा शब्दच नाही हे पाच मिनिटांत कळलं असतं.

त्या जुलैमध्ये पुण्यातली एक खोली

आता हाच कागद प्रत्यक्षात कुठल्या खोलीवर पडला ते बघा. मार्च २०२० च्या शेवटी हॉटेलं बंद झाली. विलगीकरणासाठी घेतलेली सोडली तर खोल्या कुलूपबंद. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुण्यातही झाडं पडली, धो धो पाऊस झाला. खिडक्यांच्या फटींतून, गच्चीवरून जिथे म्हणून पाणी शिरायचं तिथे शिरलं. मग नेहमीचा पावसाळा. राज्य सरकारने ८ जुलैपासून ३३ टक्के क्षमतेने हॉटेलं-लॉज उघडायला परवानगी दिली. आणि पुण्यात लगेच १३ ते २३ जुलै पुन्हा कडक लॉकडाऊन.

क्षमता ३३ टक्के म्हणजे तीनातल्या दोन खोल्या तशाच बंद. एसी नाही, एक्झॉस्ट नाही, कपाटाचं दार लावलेलं, गादीवर प्लास्टिक. ज्यांनी महिनाभर बंद असलेलं कोकणातलं घर श्रावणात उघडलंय त्यांना हा वास सांगायची गरज नाही. पण एसओपीनुसार त्या खोलीत काय करायचं होतं? पाहुणा गेल्यावर निर्जंतुकीकरण आणि ज्याला वारंवार हात लागतो त्या पृष्ठभागांना हायपोक्लोराइट. बुरशी जिथे असते तिथे, म्हणजे वॉर्डरोबच्या मागच्या प्लायवर, पीओपीच्या छताच्या वर, वॉलपेपरच्या आतल्या बाजूला, हात कुणाचाच लागत नाही.

(हायपोक्लोराइटने भिंतीवरची बुरशी पांढरी पडते, म्हणून ती गेली असं वाटतं. गिलाव्यासारख्या सच्छिद्र पदार्थात मात्र पाणी आत जातं, क्लोरीन वरच संपतो, आणि मेलेल्या बुरशीचे तुकडेसुद्धा ॲलर्जी द्यायला पुरेसे असतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था बुरशीच्या सफाईसाठी ब्लीच सरसकट वापरू नका असंच सांगते.)

आता थोडं गणित करू. कंटाळा करू नका, बारावीचंच आहे.

एसओपीतली दोन वाक्यं शेजारी ठेवा: 'आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत' आणि 'बाहेरची हवा शक्य तितकी जास्त'. जुलैत पुण्यात बाहेर २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही काही विशेष गोष्ट नाही. २५ अंशांना हवा जास्तीत जास्त साधारण ३१.६ हेक्टोपास्कल इतकी वाफ धरू शकते. ८५ टक्के म्हणजे २६.९. हीच हवा खिडकीतून २४ अंशांच्या खोलीत आली. २४ अंशांना कमाल मर्यादा २९.८. म्हणजे आर्द्रता झाली ९० टक्के. एक वाक्य पाळलं की दुसरं मोडतं. हवा आत घेताना तिच्यातलं पाणी काढणारी यंत्रणा असेल तर दोन्ही जमतात, पण ती मोठ्या, मध्यवर्ती वातानुकूलनाच्या हॉटेलांत. स्टेशनजवळच्या, स्वारगेटच्या, पेठांतल्या लॉजमध्ये स्प्लिट एसी असतो, आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. तो आहे तीच हवा फिरवतो.

त्यात पावसाळ्यातली आणखी एक गंमत. एसी २६ वर लावला आणि बाहेरच २५ आहे, तर कॉम्प्रेसर चालायला कारणच उरत नाही. कॉम्प्रेसर बंद म्हणजे पाणी काढणं बंद. आतला पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवर साचलेलं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. 'एसी चालू होता, तरी कुबट वास कसा?' या प्रश्नाचं बऱ्याचदा एवढंच उत्तर असतं.

दुसरं गणित जास्त महत्त्वाचं आहे, कारण ते त्या '७० च्या खाली म्हणजे सुरक्षित' या वाक्याच्या मुळावर येतं. समजा खोली २६ अंशांवर आणि आर्द्रता बरोबर ७० टक्के. निकषात बसली. हवेत वाफ आहे २३.५ हेक्टोपास्कल. आता शेजारच्या खोलीतल्या माणसाने एसी १८ वर लावून ठेवलाय आणि मधली भिंत २२ अंशांपर्यंत थंड झालीय. २२ अंशांना मर्यादा २६.४. त्या भिंतीला चिकटलेल्या हवेची आर्द्रता किती? ८९ टक्के. त्या भिंतीला टेकून वॉर्डरोब असेल तर मागे हवा हलतही नाही.

बुरशी भिंतीवर वाढते. खोलीच्या मध्यभागी टांगलेल्या हायग्रोमीटरवर ती वाढत नाही. ॲस्परजिलस, पेनिसिलियम यांच्या काही जातींना पृष्ठभागापाशी ७५-८० टक्के आर्द्रता काही दिवस टिकली तरी पुरते. स्टॅकिबॉट्रिससारखीला चांगलं ओलंगच्च, ९० च्या वरचं लागतं. म्हणजे तुमच्या तक्त्यात जी खोली 'सुरक्षित' रकान्यात गेली, तिच्या एका भिंतीवर बुरशी मजेत वाढत असू शकते, आणि तुमचं मोजमाप एकदाही खोटं बोललेलं नसतं.

खोली महाग असली की हे होत नाही असं समजू नका. होनोलुलूच्या हिल्टनचा कालिया टॉवर २००१ साली उघडला, ४५३ खोल्या, आणि २००२ मध्ये खोल्यांतल्या बुरशीमुळे अख्खा बंद करावा लागला. समुद्राकाठची दमट हवा आणि थंड खोल्या, भौतिकशास्त्र हेच.

माझ्या चौदा प्रजाती

आता माझी चूक. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी शहरातल्या एका लॉजमध्ये पेट्री डिश उघड्या ठेवल्या होत्या. नाव सांगत नाही. मालकाने परवानगी दिली हेच खूप. सहा खोल्या, प्रत्येकी तीन प्लेट, दहा मिनिटं उघड्या, मग झाकून इन्क्युबेटरमध्ये. आठवड्याने हिरव्या, काळ्या, राखाडी वसाहती मोजल्या, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखल्या, चौदा प्रजातींची यादी झाली. पुण्यात असण्याचा हा एक फायदा आहे. आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचा राष्ट्रीय संग्रह आहे, नमुने ओळखून घेता येतात, बुरशीशास्त्राची जुनी परंपरा आहे. तोटाही तोच: ओळखणं सोपं असल्यामुळे आपण ओळखत सुटतो आणि यादी म्हणजेच निष्कर्ष असं वाटायला लागतं.

शेवटच्या दिवशी मॅनेजरना अहवालाची प्रत द्यायला गेले. त्यांनी पानं उलटली, रंगीत फोटो बघून कौतुक केलं, आणि विचारलं, "मॅडम, एक नेहमीचे कस्टमर आहेत, त्यांना दमा आहे. त्यांना दोनशे चार देऊ का नको?"

२०४ मध्ये माझ्या प्लेटवर सगळ्यात कमी वसाहती आल्या होत्या. मी म्हणाले, द्या. खाली आले आणि गाडी काढेपर्यंत मला कळलं होतं की या उत्तराला काहीही आधार नाही.

का नाही, ते बघा. उघडी प्लेट हवेतून जे खाली पडतं तेच पकडते. पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ३ मायक्रोमीटरचा बीजाणू, म्हणजे साधारण ॲस्परजिलसचा, स्थिर हवेत सेकंदाला ०.२७ मिलिमीटर पडतो. दहा मिनिटांत १६ सेंटिमीटर. म्हणजे माझ्या प्लेटने प्लेटच्या वरच्या एका वीतभर हवेचा अंदाज घेतला. आल्टरनेरियाचा बीजाणू बराच मोठा असतो. हिशेबाला २० मायक्रोमीटरचा गोल धरा. तो दहा मिनिटांत ७ मीटर पडू शकतो, म्हणजे छतापासूनचे सगळे खाली. मोठ्या बीजाणूला प्लेट चाळीस-पंचेचाळीस पट झुकतं माप देते. आणि फुफ्फुसात खोलवर पोचतात ते छोटे! वरून पंखा चालू असेल तर हे गणितही गेलं. माझ्या २०४ मध्ये पंखा बंद होता आणि २०१ मध्ये चालू होता हे वहीत लिहिलेलं आहे, अहवालात नाही.

त्यात बाहेरची प्लेट मी ठेवलीच नव्हती. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत बाहेरच बीजाणूंची रेलचेल असते. खोलीतली बुरशी खोलीत वाढली की खिडकीतून आली हे बाहेरचा आकडा त्याच वेळी घेतल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय प्लेटवर उगवतं ते फक्त जिवंत आणि त्या अगारवर वाढायला राजी असलेलं.

प्लेट पद्धत टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. 'इथे काय काय सापडतं' या प्रश्नाला ती ठीक आहे. मॅनेजरचा प्रश्न वेगळा होता.

क्लीव्हलंडची गोष्ट

तुम्ही या विषयाचं वाचन सुरू केलं की दोन दिवसांत क्लीव्हलंडला पोचाल. १९९३-९४ मध्ये अमेरिकेतल्या या शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला. तपासात पाणी शिरलेली घरं आणि स्टॅकिबॉट्रिस ही काळी बुरशी यांच्याशी संबंध जोडला गेला. 'विषारी काळी बुरशी' हा शब्दप्रयोग इथूनच वर्तमानपत्रांत पसरला आणि आजही कित्येक लेखांच्या पहिल्या परिच्छेदात हाच संदर्भ असतो.

तिथे थांबू नका. सीडीसीने स्वतःच हा तपास पुन्हा तपासला आणि २००० साली जाहीर केलं की संबंध सिद्ध झालेला नाही. त्यांनी दाखवलेल्या उणिवा मी माझ्या टेबलासमोर लिहून ठेवल्यात. आजारी बाळांच्या घरांतून हवेचे नमुने निरोगी बाळांच्या घरांपेक्षा दुप्पट घेतले होते. आणि नमुना घेताना डक्टवर आणि फर्निचरवर थापट्या मारून बीजाणू उडवले होते, तेही ठरलेल्या पद्धतीशिवाय. जास्त शोधलं, जास्त हलवलं, जास्त सापडलं.

'संबंध सिद्ध झाला नाही' याचा अर्थ 'बुरशी निरुपद्रवी' असा मात्र घेऊ नका. ती उलट्या बाजूची घाई.

आपल्याकडे २०२१ च्या मे-जूनमध्ये याची एक देशी आवृत्ती झाली. म्युकरमायकोसिसला सगळे 'काळी बुरशी' म्हणायला लागले आणि लोक बाथरूमच्या कोपऱ्यातले काळे डाग बघून घाबरायला लागले. म्युकर वर्गातली बुरशी मुळात काळी नसते; काळी पडते ती रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड यांचा तिथे मोठा वाटा होता. नावाने आजाराचं कारण भिंतीवर नेऊन ठेवलं.

मग धरायचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची ओल आणि बुरशीवरची मार्गदर्शक तत्त्वं या विषयात सगळ्यांत जास्त उद्धृत होतात आणि, माझा अंदाज, सगळ्यांत कमी वाचली जातात. कारण वाचली असती तर कुणी 'डब्ल्यूएचओच्या मर्यादेनुसार इतक्या वसाहती' असं लिहिलं नसतं. अशी मर्यादा सांगता येत नाही असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आरोग्याच्या आधारावर सूक्ष्मजीवांचा सुरक्षित आकडा ठरवण्याइतका पुरावा नाही. पुरावा आहे तो ओलीचा: ओल आणि दिसणारी बुरशी असलेल्या इमारतींत राहणाऱ्यांना दमा बळावणं, खोकला, घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त. म्हणून सल्ला असा की ओल होऊ देऊ नका, झाली तर दुरुस्त करा. आकडा नाही म्हणून निराश होणारे संशोधक मी बघितलेत. मला तो या दस्तऐवजाचा सगळ्यांत प्रामाणिक भाग वाटतो.

माझी एक तक्रार आहे. या निष्कर्षांमागचे बहुतेक अभ्यास घरं, शाळा, कार्यालयं यांतले, आणि मुख्यतः युरोप-उत्तर अमेरिकेतले. थंड प्रदेशात ओल धरते ती बाहेरची भिंत. आपल्याकडे एसीच्या खोलीत थंड पृष्ठभाग आतला असतो आणि दमट हवा बाहेरून येते. उलटा प्रवास. तिथली तपासणी यादी जशीच्या तशी भाषांतर करून वापरली तर मधली भिंत तपासायची राहूनच जाईल.

आणि हॉटेलात 'राहतो' तरी कोण? दोन्ही प्रस्तावांत 'पाहुण्यांचे आरोग्य' आहे. पाहुणा दोन रात्री येतो, खोलीत असतो फार तर वीस तास. त्याच मजल्यावर खोल्या आवरणाऱ्या मावशी दिवसाला आठ तास, महिन्याला २६ दिवस, पावसाळ्याचे चार महिने असतात. ८३२ तास. चाळीस पटींहून जास्त. वर चादरी झटकणं, कार्पेट झाडणं, ओले टॉवेल उचलणं, म्हणजे क्लीव्हलंडच्या त्या थापट्याच, रोजच्या. हवेतून होणारा संपर्क मोजायचा तर तो त्यांच्यापासून मोजायला हवा. आधीच दमा किंवा बुरशीची ॲलर्जी असलेल्या पाहुण्याला एक रात्रही महागात पडू शकते हे खरंच. पण तो वेगळा, अल्पकाळाचा प्रश्न आहे आणि त्याला वेगळी मांडणी लागते. दोन्ही 'आरोग्य' या एका शब्दाखाली ढकलले की नमुना-संख्या ठरवतानाच घोळ होतो. त्या एसओपीनेसुद्धा पाहुण्याची वैद्यकीय माहिती रिसेप्शनवर लिहून घ्यायला सांगितलं होतं आणि आजार असलेल्या कर्मचाऱ्यांना पुढच्या फळीतल्या कामापासून शक्यतो दूर ठेवायला. ओल्या खोलीशी या दोन्हीची सांगड घालायचं कुणाला सुचलं नाही.

भारतातला जवळचा पुरावा हवा असेल तर २०१७ साली प्रसिद्ध झालेली फुफ्फुसांच्या इंटरस्टिशियल आजारांची नोंदणी वाचा. १९ शहरं, २७ केंद्रं, १०८४ रुग्ण. त्यांतल्या ४७ टक्के लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून आत गेलेल्या सेंद्रिय कणांवर फुफ्फुसाने दिलेली तीव्र प्रतिक्रिया. आणि त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा एअर कूलरशी संपर्क. हॉटेलचा अभ्यास नाही हा, पण ओलं पॅड आणि त्यातून फुंकलेली हवा ही गोष्ट उन्हाळ्यात कितीतरी लॉजमध्ये आहे. आता याच्यावरही टीका करून बघा. नोंदणीत फक्त रुग्ण आहेत. त्याच शहरांत आजार नसलेल्या किती लोकांकडे कूलर होता? तो आकडा नसेल तर निम्मे हे जास्त की नेहमीचंच, हे सांगता येत नाही. लेखात शंका घ्यायला जागा आहे, आणि पुढच्या संशोधनालाही.

दोघी ज्युनिअर्सशी बोलून आम्ही त्यातला एक प्रस्ताव असा बदललाय. हॉटेलं कमी, फक्त दोन, पण जून ते सप्टेंबर सलग. प्रत्येक निवडलेल्या खोलीत एक डेटा लॉगर हवेत आणि एक एसीच्या शेजारच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर, वॉर्डरोबच्या मागे. भिंतीतला ओलावा मॉइश्चर मीटरने, दर आठवड्याला, खडूने खूण केलेल्या त्याच पाच जागी. खोली त्या दिवशी भरलेली होती की रिकामी. बाथरूमचा एक्झॉस्ट की-कार्डच्या स्विचवर आहे का. हा मुद्दा मला हाउसकीपिंगच्या एका ताईंनी सांगितला: पाहुणा आंघोळ करून कार्ड काढून बाहेर जातो, एक्झॉस्ट त्याच क्षणी बंद पडतो, आणि सगळी वाफ दार बंद असलेल्या खोलीत राहते. हवेचा नमुना घ्यायचाच तर ठरावीक आकारमानाची हवा ओढणाऱ्या सॅम्पलरने, पंखा बंद करून, त्याच तासात गच्चीवरही. तब्येतीची प्रश्नावली कर्मचाऱ्यांना, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, पाहुण्यांना नाही.

प्रजातींची यादी राहील, परिशिष्टात.

अडलंय ते परवानगीवर. 'बुरशी' हा शब्द पत्रात आला की मालक फोन उचलत नाहीत, आणि शब्द गाळून परवानगी घेणं नैतिकता समितीला चालणार नाही, मलाही चालणार नाही. एका ठिकाणी मॅनेजर म्हणाले, "आमच्याकडे गळतीचं रजिस्टर आहे, कुठल्या खोलीत कधी प्लंबर आला, कधी रंग मारला, दहा वर्षांचं आहे, ते बघा हवं तर." आम्ही ते बघायला शनिवारी जाणार आहोत.